मुक्काम नेपल्स

दक्षिण इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, पूर्वेला व्हेसुव्हियस आणि पश्चिमेला फ्लेग्रेअन ज्वालामुखी प्रदेश यांच्या मधल्या चढउतारावर नेपल्स वसले आहे. रोम आणि मिलाननंतरचे इटलीतले हे तिसरे मोठे शहर. महापालिकेच्या हद्दीत नऊ लाखांहून अधिक लोक राहतात आणि भोवतालची गावे-उपनगरे धरली, तर आकडा तीस लाखांच्या घरात जातो. भारतातून इटलीला जाणाऱ्या बऱ्याच सहलींत मात्र नेपल्सच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. सकाळी पाँपेई, दुपारी पिझ्झा, संध्याकाळी रोमला परत. या शहराला हा हिशोब लागू पडत नाही. इथल्या सर्वांत मोलाच्या गोष्टी बसच्या खिडकीतून दिसत नाहीत, त्यांच्या सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, आणि रस्त्यांची सवय व्हायलाच एक दिवस जातो. किमान तीन रात्री हातात ठेवूनच नेपल्सचा बेत आखावा.

शहर ग्रीकांनी वसवले, इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या आगेमागे. पूर्व-पश्चिम धावणारे तीन लांब रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे अरुंद बोळ ही त्यांची आखणी जुन्या गावठाणात आजही जशीच्या तशी आहे, आणि माणसे अजून त्याच रस्त्यांवरून दूध-पाव आणायला जातात. ग्रीकांनंतर रोमन आले. पुढे नॉर्मन, फ्रेंच आंजू घराणे, आरागोनचे राजे, स्पॅनिश व्हाइसरॉय आणि 1734 पासून बूरबाँ घराणे अशा राजवटी एकामागून एक आल्या. 7 सप्टेंबर 1860 रोजी गॅरिबाल्डी शहरात शिरला आणि काही महिन्यांतच एका स्वतंत्र राज्याची ही राजधानी नव्या इटलीतले एक प्रांतिक शहर होऊन बसली. राजवाडा, 1224 साली सम्राट फ्रेडरिक दुसरा याने स्थापन केलेले विद्यापीठ, मिलानच्या ला स्कालाहून 41 वर्षांनी जुने असलेले सान कार्लो संगीतनाट्यगृह (1737) या साऱ्यांचा राजधानीपणा अजून जाणवतो. राजधानी गेल्याची नाराजीही बोलण्यात अधूनमधून डोकावते. जुन्या गावठाणाला युनेस्कोने 1995 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जाण्यासाठी एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर राहतो, दगडी बोळ तापतात आणि पाँपेईत सावली शोधावी लागते. 15 ऑगस्टच्या आसपास इटालियन लोक स्वतःच सुट्टीवर निघतात, त्यामुळे अनेक दुकाने आणि खानावळी काही दिवस बंद असतात. नोव्हेंबरपासून पाऊस असतो, पण गर्दी ओसरलेली असते. डिसेंबरचे आकर्षण वेगळे आहे. सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत येशूजन्माच्या देखाव्यांसाठी मातीच्या आणि लाकडाच्या मूर्ती बनवणारे कारागीर वर्षभर बसलेले असतात, आणि नाताळच्या तोंडावर तिथे पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मेंढपाळ आणि देवदूतांच्या शेजारीच राजकारणी आणि फुटबॉलपटूंच्या मूर्तीही विकायला असतात. गल्ली निवांत पाहायची, तर ऑक्टोबरातली सकाळ बरी.

मुंबईहून नेपल्सला थेट विमान नाही. आखातातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून कापोदिकीनो विमानतळावर उतरता येते. रोमला उतरून रेल्वेने जाणे हा अधिक सोपा पर्याय आहे, कारण वेगवान गाडी रोमहून सुमारे सव्वा तासात नेपल्सच्या मध्यवर्ती स्थानकावर पोहोचते. तिकीट आधी काढले, तर ते बरेच स्वस्त पडते. इटलीसाठी भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो आणि किमान 30 हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा जोडावा लागतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो, म्हणून हे काम लवकर हाती घ्यावे. विमानतळ शहरापासून पाच-सहा किलोमीटरवरच आहे. अलीबस नावाची बस तिथून रेल्वे स्थानकावर आणि पुढे बंदरावर जाते. टॅक्सी करायची असेल, तर विमानतळ, स्थानक, बंदर अशा ठरावीक मार्गांसाठी महापालिकेने बांधून दिलेले दर आहेत. मात्र ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ हवा आहे, असे गाडी सुरू होण्याआधी सांगावे लागते. नंतर सांगून उपयोग नसतो.

मुक्कामाची जागा विचार करून निवडावी. स्थानकासमोरच्या गारिबाल्दी चौकाच्या आसपास हॉटेले स्वस्त मिळतात, पण तो भाग रात्री फारसा सुखाचा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने जुने गावठाण, व्हिया तोलेदोचा परिसर किंवा समुद्राजवळचा किआया भाग पाहावा. कुटुंबाबरोबर वडीलधारी माणसे असतील, तर टेकडीवरचे व्होमेरो चांगले. तिथे रस्ते रुंद आहेत, शांतता आहे, आणि खाली उतरायला फनिक्युलर म्हणजे तारेने ओढली जाणारी उताराची गाडी आहे. गावठाणातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही, आणि असली तरी तिला नाणे टाकावे लागण्याची शक्यता असते. खोली घेण्याआधी मजला विचारावा. हॉटेलच्या बिलाखेरीज माणशी दर रात्रीचा पर्यटन करही द्यावा लागतो.

शहरात फिरायला पायांसारखे साधन नाही. भाड्याची मोटार घेण्याच्या फंदात पडूच नये. गावठाणातल्या अनेक रस्त्यांवर बाहेरच्या वाहनांना बंदी असते, कॅमेरे ती टिपतात आणि दंडाची पावती काही महिन्यांनी घरी येते. मेट्रोची पहिली मार्गिका स्थानक, बंदर, व्हिया तोलेदो, पुरातत्त्व संग्रहालय आणि व्होमेरो यांना जोडते. ती बांधायला दशके लागली, कारण कुठेही खणले की खाली रोमन शहर निघे. म्युनिचिपिओ स्थानकाच्या जागी तर गाळात रुतलेल्या रोमन नौकाच सापडल्या. या मार्गिकेची स्थानके नामवंत कलाकारांनी सजवलेली आहेत. ऑस्कार तुस्केत्स ब्लांका या स्पॅनिश वास्तुरचनाकाराने रचलेले तोलेदो स्थानक 2012 मध्ये खुले झाले. सुमारे 50 मीटर खोल असलेल्या या स्थानकात उतरत्या सरकत्या जिन्यावरून वर पाहिले, की निळ्या काचकणांचा समुद्र डोक्यावर उघडतो. मेट्रोच्या तिकिटात यापेक्षा सुंदर दुसरे काही युरोपात क्वचितच मिळेल. तिकिटे ‘ताबाक्की’ म्हणजे तंबाखूच्या दुकानांत मिळतात, तर मेट्रोच्या दारावर बँकेचे कार्ड टेकवूनही आत जाता येते. कागदी तिकीट असेल, तर ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा. शिक्का नसलेले तिकीट तपासनीसाच्या लेखी तिकीटच नसते.

रस्ता ओलांडणे ही नेपल्समधली पहिली परीक्षा समजली जाते. झेब्रा पट्ट्यावर वाहने आपोआप थांबत नाहीत. माणूस शांतपणे, एका लयीत, चालकाच्या डोळ्यांत पाहत पुढे निघाला की ती बाजूने वळसा घेतात. दचकून मागे फिरणाऱ्याची पंचाईत होते. पुण्यात पायी फिरणाऱ्याला हे शिकवावे लागणार नाही. स्कूटर मात्र बोळांतही येतात, म्हणून कान उघडे ठेवावेत आणि पिशवी भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर घ्यावी. नेपल्सची जी बदनामी झाली आहे ती गुन्हेगारी टोळ्यांमुळे, आणि त्या टोळ्यांचा पर्यटकांशी सहसा संबंध येत नाही. पर्यटकाला धोका असतो तो खिसेकापूंचा. स्थानकाचा परिसर, गच्च भरलेली उपनगरी गाडी आणि व्हिया तोलेदोची गर्दी इथे पारपत्र आणि पैसे आतल्या खिशात हवेत. रस्त्यात स्वस्तात मोबाइल विकणाऱ्याकडे ढुंकूनही पाहू नये. आपत्कालीन क्रमांक 112 आहे.

गावठाणात शिरायचे ते स्पाक्कानापोली आणि व्हिया देई त्रिबुनाली या दोन समांतर रस्त्यांनी. दोन्ही मिळून एक पूर्ण दिवस खातात. वरती बाल्कन्यांतून वाळत घातलेले कपडे, दोरीला बांधून खाली सोडलेल्या टोपल्या, तळमजल्यावर ‘बास्सो’ म्हणतात त्या रस्त्यालाच दार असलेल्या एकखणी घरांतून येणारा टोमॅटोच्या रश्शाचा वास. ही घरे म्हणजे लोकांचा संसार आहे, तेव्हा दारातून आत कॅमेरा रोखू नये. सान्ता क्यारा मठाच्या आवारात रंगीत माजोलिका फरशांनी मढवलेले खांब आणि बाक आहेत. 1943 च्या बॉम्बवर्षावात शेजारचे चर्च जळाले, पण ही बाग वाचली. गलक्यातून अर्धा तास सुटका हवी असेल, तर याहून चांगली जागा नाही.

गावठाणातल्या दोन कलाकृतींसाठी मात्र आधीपासून बेत करावा लागतो. पहिली सानसेव्हेरो प्रार्थनामंदिरातली ‘झाकलेला ख्रिस्त’ ही संगमरवरी मूर्ती. जुझेप्पे सान्मार्तीनो याने 1753 मध्ये ती एकाच दगडातून घडवली. मृत ख्रिस्ताच्या देहावर पसरलेले वस्त्र इतके तलम आहे, की त्याखालची कपाळावरची शीरही दिसते. मंदिराचा धनी राइमोंदो दी सांग्रो हा राजपुत्र किमयागार म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याने खऱ्या कापडाचाच संगमरवर केला, अशी दंतकथा गावात रुजली. हातोडी आणि छिन्नीने हे झाले यावर विश्वास बसणे अवघडच आहे. जागा लहान आहे, छायाचित्रणाला बंदी आहे, मंगळवारी दार बंद असते, आणि तिकीट दिवस-दिवस आधी काढले नाही, तर मिळत नाही. दुसरी कलाकृती पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया या जुन्या धर्मादाय संस्थेच्या चर्चमध्ये आहे. रोममध्ये खून करून पळालेल्या काराव्हाज्जोने 1607 मध्ये रंगवलेले ‘दयेची सात कृत्ये’ हे चित्र ज्या वेदीसाठी काढले, त्याच वेदीवर आजही लावलेले आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, प्रेताला मूठमाती हे सारे त्याने नेपल्सच्या एका अंधाऱ्या बोळात एकाच वेळी घडताना दाखवले आहे. चर्चमधून बाहेर पडले, की तसलाच बोळ समोर असतो.

जवळच शहराचे मुख्य चर्च आहे. तिथे सान जेन्नारो या संताचे मानले जाणारे सुकलेले रक्त कुपीत जपलेले आहे. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, 19 सप्टेंबरला आणि 16 डिसेंबरला ते पातळ होते का, हे पाहायला सारे शहर लोटते. न झाल्यास तो अपशकुन समजतात. श्रद्धेचा भाग वेगळा, पण 19 सप्टेंबरच्या सकाळी चर्चच्या दाराशी उभे राहून गर्दीचे चेहरे पाहणे हा एक अनुभवच आहे.

जमिनीखालीही एक नेपल्स आहे. शहराखालचा दगड ‘तुफा’ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून घट्ट झालेला, कापायला मऊ असा. ग्रीकांनी घरांसाठी तो खालून कापून काढला, रोमनांनी त्या पोकळ्यांच्या टाक्या करून त्यांत पाणी खेळवले, आणि 1884 च्या कॉलऱ्यानंतर ही जुनी पाणीव्यवस्था मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात त्याच पोकळ्यांत हजारो लोकांनी बॉम्बहल्ल्यांपासून आसरा घेतला. सान गाएतानो चौकातून मार्गदर्शकासह सुमारे 40 मीटर खाली उतरता येते. काही वाटा इतक्या चिंचोळ्या आहेत, की आडवे होऊन सरकावे लागते. ज्यांना बंद जागेची धास्ती आहे, त्यांनी तेवढा भाग टाळावा. तशी सोय असते.

पुरातत्त्व संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा, आणि तोही पाँपेईला जाण्याच्या आदल्या दिवशी. पाँपेईतली उत्तमोत्तम भित्तिचित्रे, मोझाइक, भांडी, शस्त्रक्रियेची हत्यारे इथे आणून ठेवलेली आहेत. ती पाहिल्यावरच पाँपेईतल्या उघड्या भिंती बोलू लागतात. फार्नेझे घराण्याच्या संग्रहातली ‘फार्नेझे वृषभ’ ही प्रचंड शिल्पाकृतीही इथलीच. मराठी वाचकाने चुकवू नये ती मात्र केवळ वीतभर उंचीची एक हस्तिदंती मूर्ती. 1938 मध्ये पाँपेईच्या एका घरात ती सापडली आणि ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आता अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका, आणि डोक्यापासून खाली गेलेले भोक. एखाद्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ म्हणून ती वापरली गेली असावी. हिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदन येथे आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे मिळाल्या आहेत, त्यामुळे ही मूर्ती सातवाहनांच्या मुलखात घडली असावी, असे मत मांडले गेले आहे. पश्चिम भारतातल्या बंदरांतून निघालेला माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून इटलीला जाई. नेपल्सशेजारचे पोत्झुओली हे तेव्हा रोमचे पूर्वेकडच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. मूर्ती संग्रहालयातल्या ‘गुप्त दालना’त आहे. रोमनांच्या कामुक चित्र-शिल्पांचे हे दालन दीर्घकाळ सामान्यांना बंद होते, आणि 2000 साली ते सर्वांसाठी उघडले. लहान मुले बरोबर असतील, तर हे ध्यानात ठेवावे. संग्रहालयाची सुट्टी मंगळवारी असते. टेकड्यांवरचे कापोदिमोंते चित्रसंग्रहालय आणि सान मार्तिनोचा मठ बुधवारी बंद असतात. वारांचा हा घोळ वहीत लिहून ठेवूनच दिवस ठरवावेत. सान मार्तिनोसमोरच्या कठड्यावरून खाली पाहिले, की स्पाक्कानापोली सुरीने घराघरांच्या मधून चीर पाडल्यासारखी सरळ गेलेली दिसते, आणि पलीकडे व्हेसुव्हियस. तिथून चारशेहून अधिक पायऱ्यांची पेदामेन्तिना ही वाट शहरात उतरते. ती चढण्यापेक्षा उतरावी.

व्हिया तोलेदो हा रस्ता स्पॅनिश व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदो याने 1536 मध्ये आखला. त्याच्या वरच्या अंगाला सैनिकांच्या वसाहतीसाठी पाडलेल्या उभ्या-आडव्या गल्ल्या म्हणजे क्वार्तिएरी स्पान्योली. काही दशकांपूर्वी परका माणूस इथे पाऊल टाकत नसे. आता इथे मुक्कामाच्या खोल्यांची रीघ लागली आहे, आणि भाडी वाढल्याने जुने रहिवासी बाहेर पडत आहेत, ही तक्रारही ऐकू येते. या गल्ल्यांत दिएगो माराडोनाच्या भित्तिचित्राभोवती जवळजवळ देऊळ उभे राहिले आहे. 1984 ते 1991 या काळात तो नापोली संघाकडून खेळला, आणि 1987 व 1990 मध्ये त्याने संघाला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. उत्तरेकडच्या श्रीमंत संघांना दक्षिणेने हरवले, हा अभिमान त्यात आहे. पुढची विजेतेपदे 2023 आणि 2025 मध्ये आली.

खाण्याबद्दल बोलायचे, तर सुरुवात पिझ्झानेच करावी लागते. इथला पिझ्झा मधे पातळ आणि मऊ, कडेला फुगलेला, लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत साठ ते नव्वद सेकंदांत भाजलेला असतो. भारतात मिळणाऱ्या कुरकुरीत, भरगच्च पिझ्झाची अपेक्षा ठेवून बसलेल्याची पहिल्या घासाला निराशा होते आणि तिसऱ्या घासाला ती विरते. राणी मार्गेरितासाठी 1889 मध्ये राफाएले एस्पोझितो याने टोमॅटो, मोझारेल्ला आणि तुळशीच्या जातीची बासिलची पाने घालून खास पिझ्झा केला, ही कथा सगळीकडे सांगतात. इतिहासकारांना ती पुरती मान्य नाही. पिझ्झा करण्याच्या इथल्या कलेची युनेस्कोने 2017 मध्ये दखल घेतली. नावाजलेल्या दुकानांत दारातल्या माणसाकडे नाव नोंदवून रस्त्यावर थांबायचे असते. एका पिझ्झासाठी दोन तास उभे राहण्यात अर्थ नाही. त्याच गल्लीत चार दारे पलीकडे तितकाच चांगला पिझ्झा लगेच मिळतो. उभ्या-उभ्या खायचा, तर चार घड्या घातलेला ‘पोर्ताफोल्यो’ घ्यावा.

शाकाहारी माणसाचे नेपल्समध्ये हाल होत नाहीत, फक्त विचारून खावे लागते. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते, चीज नसते. मार्गेरितावर कांदा-लसूण नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही ती चालावी. मात्र पारंपरिक मोझारेल्लात वासराच्या जठरातले विरजण वापरतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी जाणून घ्यावे. वांग्याची पार्मिजाना, टोमॅटो-चीजमधले सोरेंतो पद्धतीचे न्योक्की, तळलेल्या पिठावर टोमॅटो घातलेली मोंतानारा हे पदार्थ सहज मिळतात. बटाट्याच्या क्रोक्केत आणि शेवयांच्या तळलेल्या फ्रित्तातीनात हॅम किंवा खिमा असू शकतो. फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी फार चविष्ट असते, पण ती बहुधा सॉसेजबरोबर येते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे डुकराची चरबी, ‘सुन्या’ किंवा ‘स्त्रुत्तो’. मिरीचे ताराल्ली हे खारे कडबोळ्यासारखे खाणे तिच्यातच केलेले असते, आणि पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला ही गोड करंजीही पारंपरिक कृतीत तिच्याशिवाय होत नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो’, म्हणजे मांस, मासा आणि चरबी नको, एवढे पाठ करून जावे. मासे खाणाऱ्यांची चैनच आहे. मोंतेसान्तोजवळच्या पिन्यासेक्का बाजारात सकाळी गेले, की शिंपले, ऑक्टोपस आणि चकाकती मांदेलीएवढी मासळी पाण्याच्या टबांत मांडलेली दिसते, आणि तिथेच कागदी पुड्यात तळूनही मिळते. जेवणाच्या वेळा साधारण दुपारी साडेबारा ते तीन आणि रात्री साडेसातनंतर. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम असते. ती फसवणूक नसते. टिप देणे बंधनकारक नाही.

कॉफी उभ्याने, तीन घोटांत पितात. अनेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची असते. कॉफीबरोबर येणारा पाण्याचा पेला आधी प्यायचा, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन कॉफीची चव लागते. टेबलावर बसले, की त्याच कपाची किंमत चांगलीच वाढते. ‘काफ्फे सोस्पेझो’ ही इथली जुनी रीत. आपण एक कॉफी पितो आणि दोनचे पैसे देतो, दुसरी नंतर येणाऱ्या गरजू अनोळखी माणसासाठी. पाहुण्यानेही ती पाळायला हरकत नाही.

पाँपेईला जाण्यासाठी चिर्कुमव्हेझुव्हियाना ही उपनगरी गाडी आहे. जुनी, गरम आणि गर्दीची, पण स्वस्त. गारिबाल्दीऐवजी एक स्थानक आधी, पोर्ता नोलाना या मूळ स्थानकावर चढले तर बसायला जागा मिळते. सोरेंतोकडे जाणारी गाडीच पकडावी आणि ‘पाँपेई स्काव्ही’ या स्थानकावर उतरावे. पाँपेई नावाची दुसरीही स्थानके आहेत आणि ती उत्खननाच्या दारापासून लांब पडतात. नोव्हेंबर 2024 पासून रोज जास्तीत जास्त 20 हजार लोकांनाच प्रवेश मिळतो आणि तिकीट नावावर असते, म्हणून ते आधी काढावे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. टोपी, पाणी, जाड तळव्याचे बूट लागतातच. पाँपेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियसच्या इ.स. 79 च्या उद्रेकाची तारीख पाठ्यपुस्तकांत 24 ऑगस्ट दिलेली असते. पण 2018 मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबर ही तारीख सापडली, आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा, या मताला बळ मिळाले. वेळ किंवा गुडघ्यांची ताकद कमी असेल, तर पाँपेईऐवजी एर्कोलानो इथले हेर्क्युलेनियम पाहावे. ते लहान आहे, उष्ण राख-चिखलाच्या जाड थराखाली दबल्याने तिथे लाकडी तुळया, दारे, पलंगही टिकले आहेत, आणि दोन-अडीच तासांत समाधानाने पाहून होते. एर्कोलानोच्या स्थानकावरून व्हेसुव्हियसच्या बस सुटतात. 1281 मीटर उंचीच्या या ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक मार्च 1944 मध्ये झाला. सुमारे हजार मीटरपर्यंत बस जाते, पुढे मुखापर्यंत चढण पायी. तिकीट इंटरनेटवरूनच घेऊन जावे.

बेटांसाठी मोलो बेव्हेरेल्लो धक्क्यावरून वेगवान बोटी सुटतात. काप्री पाऊण-एक तासावर आहे, सुंदर आहे, महाग आहे आणि उन्हाळ्यात दिवसभर माणसांनी ओसंडलेले असते. इस्कियाला गरम पाण्याचे झरे आहेत. एकच बेट पाहायचे असेल, तर प्रोचिदा पाहावे. कोरिचेल्ला या कोळीवाड्याची गुलाबी-पिवळी घरे, जाळी दुरुस्त करणारी माणसे, आणि 2022 मध्ये इटलीची सांस्कृतिक राजधानी होऊनही न सुटलेला साधेपणा. वारा सुटला, की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या दिवशी बेटावर जाऊ नये.

पश्चिमेकडचे पोत्झुओली फार थोडे पर्यटक पाहतात. तिथल्या रोमन बाजारपेठेतले तीन संगमरवरी खांब भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहेत. जमिनीपासून काही मीटर उंचीवर त्यांना समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत, म्हणजे खांब उभे असतानाच जमीन समुद्रात खचली आणि पुन्हा वर आली. चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाने 1830 च्या आपल्या ग्रंथात याच खांबांचे चित्र मुखपृष्ठाच्या आत छापले होते. ती हालचाल थांबलेली नाही. 1982 ते 1984 मध्ये जमीन इतकी फुगली, की हजारो लोकांना घरे सोडावी लागली, आणि अलीकडेही तिथे भूकंपाचे धक्के बसत आहेत. त्यामुळे जाण्याआधी स्थानिक सूचना पाहाव्यात आणि हॉटेलात बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी.

हाती पाच दिवस असतील, तर तीन शहराला, एक पाँपेईला किंवा हेर्क्युलेनियमला, आणि एक प्रोचिदाला किंवा पोत्झुओलीला द्यावा. चारच असतील, तर बेट सोडावे. सोरेंतो आणि अमाल्फीचा किनारा यांत कोंबू नये. त्यासाठी वेगळे तीन दिवस काढावेत आणि तिथलाच मुक्काम करावा.